फुप्फुसातल्या गाठी आणि छातीतले पाणी: ईएचई या दुर्मीळ कर्करोगाचे उपचार

सिटी स्कॅनच्या अहवालात ‘दोन्ही फुप्फुसांत अनेक लहान गाठी’ असे वाक्य आले की आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात दोन शक्यता सर्वांत आधी येतात. पहिली क्षयाची आणि दुसरी दुसऱ्या एखाद्या अवयवातला कर्करोग फुप्फुसात पसरल्याची. बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक खरी ठरते, त्यामुळे असा विचार करण्यात काही गैर नाही. परंतु क्वचित असा रुग्ण समोर येतो की ज्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, शरीरात दुसरीकडे कुठेही मूळ गाठ दिसत नाही, वजन घटलेले नसते आणि स्कॅनही भलत्याच कारणासाठी काढलेला असतो. अशा वेळी ज्या आजारांचा विचार करावा लागतो त्यांत ‘एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा’ हा एक आहे. नाव उच्चारता उच्चारता दमछाक होत असल्याने रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्याला ‘ईएचई’ म्हणतात, आणि येथेही तेच नाव वापरले आहे.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पातळ पेशींचे अस्तर असते. ईएचई हा त्या अस्तराच्या पेशींपासून निर्माण होणारा कर्करोग आहे, म्हणजेच धूम्रपानाशी जोडला जाणारा फुप्फुसाचा नेहमीचा कर्करोग तो नव्हे. वैद्यकाच्या वर्गवारीत त्याची जागा सार्कोमा, म्हणजे हाडे, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांसारख्या ऊतींपासून होणाऱ्या कर्करोगांच्या कुळात आहे. जगभरात साधारण दहा लाख लोकांमागे एक रुग्ण असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. यकृत, फुप्फुसे आणि हाडे ही त्याची आवडती ठिकाणे असून अनेकदा तो एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी आढळतो. कोणत्याही वयात तो होऊ शकत असला तरी मध्यम वयातील स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासूनच होणारा अँजिओसार्कोमा नावाचा दुसरा कर्करोग अत्यंत आक्रमक असतो आणि रुग्णाला फार वेळ देत नाही. ईएचई त्या मानाने संथ आहे, मात्र निरुपद्रवी नाही. याच संथपणामुळे त्याच्या उपचाराचा विचार नेहमीच्या कर्करोगाहून वेगळ्या रीतीने करावा लागतो.

या आजाराची ओळख पटायलाही बराच काळ गेला. अमेरिकेतील डेल आणि लीबो या विकृतिशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये फुप्फुसातील अशा गाठींचे वर्णन केले तेव्हा या गाठी श्वासनलिकेच्या सूक्ष्म शाखांतून व वायुकोशांतून निघून रक्तवाहिन्यांत शिरतात, अशी त्यांची समजूत होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर या पेशी मुळात रक्तवाहिनीच्याच अस्तराच्या आहेत हे लक्षात आले. १९८२ मध्ये वाइस आणि एन्झिंगर यांनी मऊ ऊतींमधील अशाच गाठींना आजचे नाव दिले आणि हळूहळू फुप्फुसातला, यकृतातला व हाडातला आजार एकच असल्याचे मान्य झाले. मात्र निर्णायक पुरावा २०११ मध्ये हाती आला. पहिल्या आणि तिसऱ्या गुणसूत्राचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते आणि त्यातून दोन जनुके एकमेकांना चिकटून एक नवेच जोडजनुक तयार होते, असे त्या वर्षी दाखवण्यात आले.

हे जोडजनुक नेमके काय करते, ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या औषधांच्या शोधाची दिशा त्यावरूनच ठरते. ‘टॅझ’ नावाचे एक प्रथिन पेशीला वाढण्याचा हुकूम देते. निरोगी पेशीत आजूबाजूला पुरेशा पेशी जमल्या की या प्रथिनाला केंद्रकाच्या, म्हणजे पेशीतील जनुके असलेल्या गाभ्याच्या, बाहेर अडवून ठेवले जाते आणि वाढ थांबते. ईएचईच्या पेशीत याच टॅझला ‘कॅमटा१’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडला जातो. केंद्रकात शिरण्याचा परवाना या तुकड्यावरच असल्याने बाहेरची अडवणूक निष्फळ ठरते आणि वाढीचा हुकूम अखंड सुटत राहतो. सुमारे नव्वद टक्के रुग्णांत हाच बदल आढळतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत २०१३ मध्ये वर्णन केलेले, याच जातीचे दुसरे जोडजनुक असते. हे बदल आईवडिलांकडून आलेले नसतात आणि मुलांकडे जात नाहीत. घरात एकाला हा आजार झाला म्हणून इतरांनी तपासण्या करून घेण्याचे कारण नाही.

निदानाच्या टप्प्यावर आपल्या देशात एक अडचण हमखास उभी राहते. गाठी लहान असतात, सहसा एक-दोन सेंटिमीटरच्या आतल्या, दोन्ही बाजूंना विखुरलेल्या आणि काही वेळा कॅल्शियम साचलेल्या. हे चित्र जुन्या किंवा चालू क्षयाशी इतके जुळते की जंतू सापडले नसतानाही ‘एकेटी’, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू करून पाहण्याचा मोह होतो. ईएचई मुळातच संथ असल्यामुळे सहा महिन्यांनी गाठी तेवढ्याच दिसल्या, तर औषधांनी आजार आटोक्यात आला असा गैरसमजही होऊ शकतो. क्षय सर्वत्र असलेल्या देशात डॉक्टरांचा पहिला संशय क्षयावर जाणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र औषधे पूर्ण होऊनही गाठी जशाच्या तशा राहिल्या, किंवा जंतूंचा कोणताच पुरावा मिळाला नाही, तर गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरायला हवा.

हा तुकडा मिळवणेही नेहमी सोपे नसते. श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत लहान आणि कडेच्या गाठी बऱ्याचदा हाती लागत नाहीत. त्यामुळे बाहेरून सुई घालून, किंवा छातीत दुर्बीण घालून केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेत फुप्फुसाचा गाठीसह भाग काढून, तो तपासावा लागतो. पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्यावर विशिष्ट रंगद्रव्यांच्या चाचण्या करतात. सीडी३१, सीडी३४ आणि ईआरजी या चाचण्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराची असल्याचे सांगतात, तर केंद्रकात कॅमटा१ दिसले की ईएचईवर जवळजवळ शिक्कामोर्तब होते. शंका उरलीच तर जोडजनुकाची थेट तपासणी करता येते. अनेक पॅथॉलॉजिस्टांना संपूर्ण कारकिर्दीत असा एखाद-दुसराच तुकडा पाहायला मिळतो. म्हणून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) घेऊन सार्कोमाचा अनुभव असलेल्या केंद्रात दुसरे मत घ्यावे, हा सल्ला पहिल्या डॉक्टरवरचा अविश्वास समजू नये. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडे व मऊ ऊतींच्या गाठींसाठी तज्ज्ञांचा स्वतंत्र गट आहे आणि छातीच्या गाठींसाठीही वेगळा गट आहे. या आजारात दोन्ही गटांचे मत उपयोगी पडते. निदान झाल्यावर यकृत आणि हाडांसह सर्व शरीराची प्रतिमा घेतली जाते, कारण फुप्फुसातल्या गाठी हा आजाराचा केवळ दिसलेला भाग असू शकतो.

यानंतर येणारा निर्णय रुग्णाच्या कुटुंबाला सर्वांत अवघड जातो. त्रास काहीच नसेल, गाठी लहान असतील आणि छातीत पाणी नसेल, तर अनुभवी डॉक्टर पुष्कळदा कोणतेही औषध सुरू करत नाहीत. तीन-चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, गाठी वाढत आहेत की नाही ते पाहायचे आणि स्थिर असतील तर दोन स्कॅनमधले अंतर हळूहळू वाढवायचे, एवढीच योजना असते. कर्करोग आहे असे सांगून वर ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर नातेवाइकांना निष्काळजी वाटतो, आणि मग औषध ‘सुरू करून देणाऱ्या’ डॉक्टरचा शोध सुरू होतो. प्रत्यक्षात या थांबण्याला भक्कम आधार आहे. काही रुग्णांत गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात आणि मोजक्या रुग्णांत तर औषधाविना त्या आपोआप आकसल्याच्या नोंदी आहेत. गाठ वाढतच नसेल तर औषधाने काही साधले की नाही हे ओळखण्याचा मार्ग राहत नाही, दुष्परिणाम मात्र पहिल्या महिन्यापासून सोसावे लागतात. जगभरातील तज्ज्ञांनी रुग्णसंघटनांना सोबत घेऊन २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीच्या निवेदनातही निवडक रुग्णांत आधी निरीक्षण करण्याचा मार्ग मान्य केला आहे.

शस्त्रक्रियेचा मुद्दा तुलनेने सरळ आहे. गाठ एकच असेल, किंवा एकाच भागात दोन-चार असतील आणि त्या पूर्णपणे काढता येण्याजोग्या असतील, तर त्या काढणे हा सर्वोत्तम उपाय ठरतो. परंतु फुप्फुसाच्या ईएचईत गाठी बहुधा दोन्ही बाजूंना डझनांनी विखुरलेल्या असतात आणि त्या सगळ्या काढायच्या तर श्वास घ्यायला फुप्फुसच उरणार नाही. याच कारणाने संपूर्ण छातीला किरणोपचारही देता येत नाहीत. हाडातील गाठ दुखत असेल किंवा हाड मोडण्याची भीती असेल, तर त्या ठिकाणापुरते किरण मात्र चांगले काम देतात.

आजार वाढू लागला, वेदना सुरू झाल्या किंवा छातीत पाणी झाले की औषधांचा विचार करावा लागतो. सार्कोमासाठी नेहमी वापरली जाणारी केमोथेरपी येथे फारसा प्रभाव दाखवत नाही. संथ वाढणाऱ्या पेशींवर झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशींसाठी बनवलेले औषध कमी चालावे, यात नवल नाही. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी बेव्हॅसिझुमॅब आणि पॅझोपॅनिब यांसारखी औषधे, तसेच इंटरफेरॉन आणि थॅलिडोमाइड ही जुनी औषधे काही रुग्णांत उपयोगी पडली आहेत, पण प्रत्येक औषधाच्या मागची रुग्णसंख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. औषधोपचारात सर्वांत जास्त अनुभव जमा झाला आहे तो सिरोलिमसचा.

सिरोलिमसची जन्मकथा या आजाराइतकीच अनपेक्षित आहे. १९६४ मध्ये एक कॅनेडियन वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन परतली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळे केले. बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्याला ‘रापामायसिन’ म्हटले गेले. ते आधी बुरशीविरोधी औषध म्हणून पाहिले गेले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी त्याला मान्यता मिळाली. पेशीतील ‘एमटॉर’ नावाचे वाढीचे केंद्र ते दाबते आणि ईएचईत त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. इटलीतील केंद्रांनी सिरोलिमस दिलेल्या ३८ रुग्णांचा अनुभव २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात साधारण दहांपैकी एका रुग्णाच्या गाठी लक्षणीय आकसल्या, तर सुमारे चारांपैकी तिघांचा आजार जागच्या जागी थांबला. गाठी नाहीशा होतील अशी आशा ठेवून हे औषध घेणाऱ्याची निराशा होईल. आजार थोपवून धरणे हेच त्याचे काम आहे आणि यशही त्याच मापाने मोजावे लागते. त्याच अनुभवात ज्यांच्या छातीत किंवा पोटात पाणी झाले होते, त्यांना मिळालेला लाभ बराच अल्पकाळ टिकला.

सिरोलिमस घेणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्यायला हव्यात. तोंडात फोड येणे, रक्तातील चरबी वाढणे, जखमा उशिरा भरणे आणि जंतुसंसर्ग सहज होणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. क्वचित औषधामुळेच फुप्फुसाला सूज येऊन खोकला व धाप सुरू होते, आणि तेव्हा हा त्रास आजाराचा, जंतूंचा की औषधाचा हे ठरवण्यासाठी डॉक्टरांची कसोटी लागते. रक्तातील औषधाची पातळी ठरावीक काळाने मोजून मात्रा कमी-जास्त करतात. ही पातळी इतर औषधांनी सहज बिघडते. काही बुरशीविरोधी औषधे आणि क्लॅरिथ्रोमायसिन ती धोकादायकरीत्या वाढवतात. ग्रेपफ्रूटचाही असाच परिणाम होतो, म्हणून त्याच्याच जातकुळीतले पपनसही टाळायला सांगतात. याउलट क्षयाच्या उपचारातील मुख्य औषध असलेले रिफाम्पिसिन सिरोलिमसची पातळी इतकी खाली आणते की ते जवळजवळ निरुपयोगी होते. प्रतिकारशक्ती दबल्यामुळे सुप्त क्षय डोके वर काढू शकतो आणि क्षयाचे औषध सुरू केले तर कर्करोगाचे औषध लागू पडत नाही, असा हा पेच आहे. म्हणून आपल्याकडे सिरोलिमस सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी नीट करून घेणे विशेष गरजेचे ठरते.

अलीकडे ट्रॅमेटिनिब या औषधाची अमेरिकेत खास ईएचईसाठी चाचणी झाली. जोडजनुक सिद्ध झालेल्या २७ रुग्णांपैकी एकाचीच गाठ निकषांनुसार आकसली, पण बऱ्याच रुग्णांच्या वेदना कमी झाल्या. आकड्याकडे पाहून हे औषध अपयशी ठरवावे की वेदना उतरल्या म्हणून उपयोगी मानावे, यावर दोन मते असू शकतात. ज्याला रात्र रात्र झोप लागत नाही, त्याचे मत मात्र ठरलेले असेल. टॅझ ज्या प्रथिनाच्या आधाराने जनुके चालू करते, त्या प्रथिनालाच अडवणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्याही चालू आहेत. सिरोलिमस आणि ट्रॅमेटिनिब ही दोन्ही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात, त्यामुळे तरुण स्त्रियांशी गर्भनिरोधनाविषयी उपचाराआधीच स्पष्ट बोलणे आवश्यक असते.

आता छातीतल्या पाण्याविषयी. ईएचईच्या वाटचालीत खरे वळण बहुधा येथेच येते. फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये काही मिलिलिटर द्रव असतो, ज्यामुळे श्वास घेताना ते एकमेकांवरून सहज सरकतात. ईएचईच्या पेशी या पडद्यावर पसरल्या की तिथल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि काही वेळा लिटरच्या मापाने पाणी साठते. फुप्फुस दाबले जाते, जिना चढताना धाप लागते, नंतर सपाट झोपवतही नाही. आपल्याकडे छातीतले पाणी म्हटले की पुन्हा क्षयाचेच नाव निघते. शिवाय काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडतीलच असे नसते, त्यामुळे ‘पाणी तपासले, कर्करोग नाही’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. गरज पडल्यास दुर्बिणीतून पडद्याचाच तुकडा घ्यावा लागतो.

सुईने पाणी काढले की रुग्णाला तत्काळ मोकळे वाटते. मात्र ते एकाच वेळी भरभर काढत नाहीत. साधारण दीड लिटरपर्यंत थांबतात, कारण बराच काळ दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो. पाणी पुन्हा साठू लागले की दोन पर्याय राहतात. पहिल्या पर्यायात छातीत निर्जंतुक टॅल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी, सोडून दोन्ही पडदे एकमेकांना चिकटवले जातात, जेणेकरून पाण्याला जागाच उरू नये. दुसऱ्या पर्यायात एक मऊ नळी त्वचेखालून आत बसवून ठेवतात आणि घरच्या घरी बाटलीत पाणी काढण्याचे तंत्र नातेवाइकांना शिकवतात. टॅल्कचा उपाय कानाला अधिक कायमचा वाटतो, पण त्यासाठी पाणी काढल्यावर फुप्फुस पूर्ण फुलून छातीच्या भिंतीला टेकणे आवश्यक असते. ईएचई पडद्यावर जाड थर बनवून फुप्फुसाला जखडून टाकत असेल, तर ते फुलतच नाही आणि टॅल्क वाया जाते. अशा रुग्णासाठी नळीच सोयीची ठरते. नळीभोवती लाली, ताप किंवा पाण्याला दुर्गंधी आली तर संसर्गाची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. पाणी झाले हा आजार वेग घेत असल्याचा इशाराही असतो. निरीक्षणावर असलेल्या रुग्णाचे औषध बहुधा याच टप्प्यावर सुरू होते, त्यामुळे नळी आणि औषध यांचा निर्णय वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी न घेता एकत्र घेतलेला बरा.

दुसरी गंभीर गुंतागुंत खोकल्यातून रक्त पडण्याची. थुंकीत रक्ताच्या रेषा दिसणे आणि कपभर रक्त पडणे यांत फार अंतर आहे. पहिल्यासाठी लवकरची वेळ घेऊन डॉक्टरांना भेटावे, दुसऱ्यासाठी तातडीचा विभाग गाठावा. रक्त कोणत्या बाजूने येते ते ठाऊक असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर झोपवतात, म्हणजे दुसरे फुप्फुस रक्ताने भरत नाही. मांडीतील धमनीतून बारीक नळी नेऊन रक्तस्राव करणारी श्वासनलिकेची धमनी बंद करण्याचे तंत्र मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध असून ते अनेकदा जीव वाचवते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगावी.

वेदना आणि धाप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या विभागाच्या, डॉक्टरांना लवकर गाठण्यात अनेकांना संकोच वाटतो, कारण ‘आता काही उरले नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. ईएचईचा रुग्ण या विभागाची मदत घेत कित्येक वर्षे नोकरी-संसार सांभाळू शकतो. पाणी काढूनही धाप उरली तर अल्प मात्रेतील मॉर्फिन ती भावना पुष्कळ सौम्य करते. ते योग्य देखरेखीखाली दिले तर श्वास बंद पडेल ही भीती अनाठायी आहे.

निरीक्षणावर असलेल्या रुग्णाने प्रत्येक स्कॅनची सीडी जपून ठेवावी आणि नवा स्कॅन फक्त मागच्याशी नव्हे, तर अगदी पहिल्या स्कॅनशीही ताडून पाहण्यास रेडिओलॉजिस्टना सांगावे. संथ वाढणाऱ्या गाठीतला तीन महिन्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, दोन वर्षांचा दिसतो. गाठींच्या आकाराबरोबरच फुप्फुसाचा पडदा जाड होत आहे का आणि तळाशी पाण्याची पातळ रेघ दिसते का, हेही दर वेळी आवर्जून विचारावे.